टँक आज आणा, मासे महिन्याभरानं: नागपुरात नवीन फिश टँक लावायचा क्रम

रविवारी संध्याकाळी एकाच ऑटोत काचेचा टँक, रेतीची थैली, फिल्टर, प्लास्टिकची झाडं आणि मांडीवर पिशवीत दहा मासे. गुरुवारी फोन, "भाऊ, तीन गेले, बाकीचे वर येऊन तोंड मारून राहिले, काय टाकू?" हा फोन मला इतक्यांदा आलाय की आता मी पहिले एकच विचारतो, टँक कधी लावला आणि मासे कधी सोडले. दोन्हीची तारीख एकच निघते. मग काय टाकायचं हे सांगून काही उपयोग नसते, कारण गडबड क्रमात झालेली असते.

मी पण हेच केलं होतं. दुकानदार म्हणे रात्रभर फिल्टर चालू ठेवा, सकाळी मासे सोडा, चार थेंब निळं औषध टाका, झालं. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत होतं. आठ दिवसांत बारापैकी दोन उरले, आणि मी समजत होतो की माझा हातच वाईट आहे.

झालं काय असते ते दोन मिनिटात समजून घ्या, पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. मासा कल्ल्यांमधून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो, उरलेलं खाद्य सडलं की त्याचाही अमोनियाच होते. अमोनिया विषारी. एका प्रकारचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, ते पण विषारी. दुसरे बॅक्टेरिया नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते थोडं फार असलं तरी मासा सहन करते आणि दर आठवड्याला पाणी बदलून आपण ते कमी करतो. हे बॅक्टेरिया पाण्यात तरंगत नाही राहत, ते फिल्टरच्या स्पंजवर, रेतीवर, दगडांवर चिकटून राहतात. नवीन टँकमध्ये ते जवळपास नसतातच आणि वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून मासे आणायच्या आधी फिल्टर पिकवायचा असते, मासे न टाकता. तो कसा पिकवायचा ते टप्पा ६ मध्ये आहे पण थेट तिथे उडी मारू नका, निम्म्या चुका त्याच्या आधीच होतात.

खालचा सगळा हिशोब दोन फुटी टँकचा आहे, २४ × १२ × १२ इंच. काठोकाठ भरला तर ५६-५७ लिटर, रेती आणि वरची मोकळी जागा सोडून खरं पाणी ४५ ते ५० लिटर. पहिल्यांदा लावत असाल तर याच्यापेक्षा लहान घेऊ नका. गोल भांडं तर अजिबात नको, पाणी जितकं कमी तितकं लवकर बिघडते.

टप्पा १: जागा आणि स्टँड

पाणी ५० किलो, रेती दहा-बारा किलो, काच दहा-अकरा किलो, वर दगड. म्हणजे ७५-८० किलो कायमचं एका जागी उभं राहणार आहे, आणि एकदा भरला की हलवता येत नाही. भरलेला टँक दोघांनी धरून "जरासा" सरकवला की काचेचा जोड सुटते, हे मी डोळ्यानं पाहिलंय. टीव्हीचं प्लायवूडचं युनिट चालेल असं वाटते, पण भुश्याच्या बोर्डाचं असेल तर पाणी सांडून सांडून सहा महिन्यात फुगते. लोखंडी अँगलचा स्टँड सगळ्यात बिनधास्त.

जागा ठरवताना नागपूरचा मे महिना डोळ्यासमोर ठेवा, तुम्ही टँक जुलैत लावून राहिले तरी. पश्चिमेच्या भिंतीला लागून नको, संध्याकाळी ती भिंत तव्यासारखी तापलेली असते. खिडकीचं थेट ऊन नको, पाणी तापते आणि शेवाळ येते ते वेगळं. कूलरच्या तोंडासमोर पण नको. कूलर चालू असताना पाणी थंड, बंद झाला की गरम, असं दिवसातून दोनदा वरखाली झालेलं माशांना झेपत नाही. कूलरचे तुषार आणि धूळ पाण्यात पडते ती वेगळी.

देवघरापासून जरा लांब, धूर आणि अगरबत्तीची राख नको. किचनच्या ओट्याजवळ नको, फोडणीचा तेलकट थर पाण्यावर बसते.

स्टँडवर टँकच्या मापाची अर्धा इंच थर्माकोल शीट टाका आणि स्पिरिट लेव्हल लावून दोन्ही दिशेनं लेव्हल बघा. स्पिरिट लेव्हल नसेल तर टँकमध्ये दोन इंच पाणी घालून चारही कोपऱ्यात पट्टीनं मोजा. फरक दिसला तर पाचर स्टँडच्या पायाखाली द्यायची, काचेखाली नाही.

थांबा: प्लग पॉइंट कुठे आहे? तीन पिनचा, अर्थिंग असलेला पॉइंट हाताच्या अंतरावर नसेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. एक्स्टेन्शन बोर्ड टँकच्या खाली जमिनीवर ठेवणं म्हणजे पाण्याखाली वीज ठेवणं आहे.

टप्पा २: टँक गळतो का ते बघा, घरात नाही, गॅलरीत

नवीन टँक घरी आला की लोक थेट रेती टाकतात. मग दोन दिवसांनी कोपऱ्यातून पाझर दिसते आणि रेती, पाणी, दगड सगळं परत बाहेर. त्यापेक्षा पहिले गॅलरीत किंवा अंगणात सपाट जागी, खाली थर्माकोल ठेवून, काठोकाठ भरा आणि २४ तास तसाच ठेवा. खाली वर्तमानपत्र पसरून ठेवा, ओलं झालं की लगेच दिसते. भर उन्हात करू नका, वाफेनं पातळी कमी होते आणि मग टँक गळून राहिला की पाणी उडून राहिलं ते कळत नाही.

टँक सिलिकॉननं चिकटवलेला असते. जोडाजवळ नाक नेलं आणि व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर सिलिकॉन अजून पूर्ण सुकलेलं नाही, वास जाईपर्यंत मोकळ्या हवेत ठेवा.

धुवायला साबण, डिटर्जंट, काच पुसायचा निळा स्प्रे, काहीच वापरायचं नाही. साधं पाणी आणि नवीन स्पंज. पांढरे डाग असतील तर लिंबू किंवा व्हिनेगर चोळा आणि धुवून टाका.

इथेच एक सवय लावून घ्या. एक बादली, एक मग, एक पाइप फक्त टँकसाठी वेगळा ठेवा, बादलीवर मार्करनं लिहून ठेवा. आपल्याकडे कूलरची बादली, फरशीची बादली, कपड्याची बादली सगळी एकच असते. कूलरमध्ये डासांच्या अळ्या मारायला टाकलेलं औषध, फरशीचं फिनाइल, साबणाचा चिकटपणा, यातलं थोडंसं जरी टँकमध्ये गेलं तरी पुढची सगळी मेहनत वाया. घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, विशेषतः कामवाल्या मावशींना, त्या बिचाऱ्या चांगल्या मनानं तीच बादली उचलतात.

टप्पा ३: रेती, दगड, लाकूड

रंगीत निळी-गुलाबी खडी घ्यायची असेल तर तुमची मर्जी, पण रंग सुटतो का ते बघा, बादलीत दोन दिवस भिजत घाला. मला विचाराल तर साधी नदीची रेती बेस्ट, आपल्याकडे बांधकामाला कन्हानची रेती येते तीच जाड चाळणीनं चाळून. फक्त बांधकामाच्या ढिगातली घेताना त्याच्यात सिमेंट किंवा चुना मिसळलेला नको, आणि ढिगावर मोहल्ल्यातली मांजरं-कुत्री काय करतात ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून मधली घ्या आणि भरपूर धुवा.

धुणं म्हणजे दोन पाण्यात खळखळून काढणं नाही. अर्धी बादली रेती घ्या, पाइप तळाशी घालून पाणी सोडा, हातानं ढवळा, गढूळ पाणी ओता, परत. माझ्या रेतीला पंधरा-सोळा पाणी लागलं होतं. ओतलेलं पाणी पारदर्शक दिसेपर्यंत धुणं थांबवायचं नाही. इथे कंटाळा केला की टँक आठ दिवस चहासारखा दिसते. ते पाणी कुंडीतल्या झाडांना घाला.

आता दगड. रेतीची आणि दगडाची एक सोपी टेस्ट आहे, कोरड्या दगडावर चार थेंब व्हिनेगर टाका. बुडबुडे आले, फसफसलं, तर त्याच्यात चुनखडी आहे, तो पाण्याचा जडपणा आणि पीएच (पाणी किती आम्लीय-अल्कली त्याचं माप) वाढवत राहील, बाजूला काढा. संगमरवराचे तुकडे आणि शिंपले याच गटात. आपला काळा बेसॉल्ट चालतो, नागपूरच्या पश्चिमेकडे तोच सगळीकडे आहे. पण रामटेक-मनसरकडे फिरायला गेलो आणि काळा जड चमकदार दगड दिसला म्हणून घेऊन आलो, असं करू नका. तिकडे मँगनीजच्या खाणी आहेत, धातूचे दगड टँकमध्ये नको. चमकणारे, गंजासारखे पट्टे असलेले, हिरवट-निळे डाग असलेले, सगळे बाद.

लाकूड टाकायचं तर दुकानातलं ड्रिफ्टवूड, आणि ते पण आधी उकळून आठ-दहा दिवस बादलीत बुडवून. पाणी ब्राऊन होते, घाबरू नका, बदलत रहा. पहिल्या काही आठवड्यात लाकडावर पांढरा चिकट थर येते, तो आपोआप जातो.

रेतीचा थर दीड ते दोन इंच पुरे. मोठे दगड रेतीवर नाही, आधी तळाच्या काचेवर पातळ प्लास्टिकची जाळी टाकून त्यावर ठेवा आणि मग भोवती रेती घाला. रेतीवर ठेवलेला दगड, खाली माशानं उकरलं की कलंडतो आणि काच फोडतो.

तलावातली झाडं आणू नका. फुटाळ्याची, अंबाझरीची वेल दिसायला छान पण सोबत गोगलगायी, जळवा, चतुराच्या अळ्या येतात आणि त्या अळ्या लहान मासे खातात. दुकानातली झाडं पण पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवून, नीट धुवून मगच लावा.

टप्पा ४: फिल्टर, हवा, हीटर आणि वायरी

दोन फुटी टँकला ताशी २०० ते ३०० लिटर फिरवणारा फिल्टर पुरते. स्पंज फिल्टर आणि एअर पंप, ज्याला आपण सगळे ऑक्सिजनची मशीन म्हणतो, हे कॉम्बिनेशन स्वस्त आहे आणि स्पंज मोठा असल्यानं बॅक्टेरियाला घर पण मोठं मिळते. टॉप फिल्टर घेतला तर त्याच्यातली पांढरी लोकर दर महिन्याला फेकायची असते, आणि ती फेकली की त्याच्यावरचे बॅक्टेरिया पण गेले. म्हणून ट्रेमध्ये लोकरीच्या खाली जाड स्पंज किंवा सिरॅमिक रिंग कायमच्या ठेवा.

एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर नळीत चेक व्हॉल्व्ह लावा. लाइट गेली की पाणी नळीतून उलटं येते आणि खाली ठेवलेल्या पंपात शिरते, मग लाइट आल्यावर काय होते ते सांगायला नको.

वायरींना खाली झोळ द्या, म्हणजे वायर प्लगच्या खाली उतरून मग वर गेली पाहिजे. पाण्याचा थेंब वायरवरून घसरत आला तर झोळात टपकते, प्लगमध्ये नाही जात. घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे शॉक बसायच्या आत वीज तोडणारा स्विच, असेल तर उत्तम, नसेल तर बसवून घ्या, हा खर्च माशांसाठी नाही तुमच्यासाठी आहे. आणि हात पाण्यात घालायच्या आधी हीटर, पंप, लाइट सगळं बंद, प्रत्येक वेळी.

हीटर? उन्हाळ्यात हसाल, पण २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचं तापमान ३.५ अंशांवर आलं होतं. थंडीत टँक सुरू करत असाल तर ५० वॅटचा थर्मोस्टॅटवाला हीटर लागेल, साधारण लिटरला एक वॅट. पाण्याबाहेर चालू ठेवला की काच तडकते, आणि बंद केल्यावर पण पंधरा मिनिटं पाण्यातच राहू द्यायचा.

तपासा: थर्मामीटर लावला? आतमध्ये, फिल्टरच्या लांबच्या कोपऱ्यात. हात घालून "गरम वाटते, थंड वाटते" हे माप नाही.

टप्पा ५: पाणी

नागपूरला नळाचं पाणी पेंच आणि कन्हानवरून येते, बऱ्याच लेआउटमध्ये बोअरचं, आणि कितीतरी घरी दोन्ही गच्चीवरच्या एकाच टाकीत मिसळलेलं. म्हणून "आमच्याकडे तर नळाचं पाणी आहे" असं म्हणून सोडू नका, जो नळ वापरणार त्याचंच पाणी तपासा. पीएच, जडपणा आणि केएच, म्हणजे पाण्यात पीएच धरून ठेवायची ताकद किती आहे ते. बोअरचं पाणी बहुतेक वेळा जड निघते. जड आहे म्हणून वाईट नाही, गप्पी, मॉली, प्लॅटी त्याच्यात मजेत राहतात. आपल्या पाण्यात जे राहतात तेच मासे निवडा, माशासाठी पाणी बदलत बसायची भानगड पहिल्या टँकला नको.

आरओचं पाणी शंभर टक्के भरणं ही नवीन चूक आहे. प्यायला चांगलं म्हणजे माशाला चांगलं असं नसते, त्याच्यात क्षार जवळपास नसतात, केएच नसते, आणि पीएच कधी धडकन खाली येईल सांगता येत नाही. बोअर फारच जड असेल तर अर्धं अर्धं मिसळा.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, असलंच पाहिजे, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला किमान ०.२ मिलीग्रॅम उरलेला क्लोरीन सांगितलाय. पण तोच क्लोरीन आपले बॅक्टेरिया मारते आणि माशाचे कल्ले जाळते. दोन उपाय. पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवा, आत एअर स्टोन, म्हणजे एअर पंपाच्या नळीला लावायचा बुडबुडे काढणारा दगड, सोडा. किंवा अँटिक्लोर वापरा, त्याच्यात सोडियम थायोसल्फेट असते, डोस बाटलीवर लिहिल्याप्रमाणे. पावसाळ्यात नळाला ब्लीचिंगचा वास जास्त आला तर मी दोन्ही करतो.

लोक म्हणतात अजून मासे कुठे आहेत, क्लोरीन काढायची गरज काय. आहे, कारण तुम्ही बॅक्टेरिया पाळून राहिले.

भरताना वेळ बघा. मे महिन्यात दुपारी दोनला गच्चीवरच्या टाकीचं पाणी गिझरसारखं येते. सकाळी सहाला भरा. रेतीवर एक ताट ठेवून त्याच्यावर हळू धार सोडा, नाहीतर धुतलेली रेती सुद्धा उडते. वरून दीड-दोन इंच मोकळं ठेवा आणि झाकण ठेवा, मासे उडी मारतात आणि पाली आत पडतात.

फिल्टर आणि हवा सुरू करा आणि एक दिवस नुसतं चालू द्या. गळते का, आवाज येते का, तापमान कितीवर थांबते. हीच ती रात्र आहे ज्याच्यानंतर दुकानदार म्हणते मासे सोडा.

टप्पा ६: फिल्टर पिकवणं

इथे तुमचा महिना जाणार आहे. काम रोजचं पाच मिनिटांचं, धीर मात्र भरपूर लागते.

बॅक्टेरियाला खायला अमोनिया द्यायचा. तो द्यायचे दोन मार्ग. सोपा पण घाणेरडा मार्ग म्हणजे चिमूटभर मासळीचं खाद्य रोज टाकून सडू देणं, याच्यात किती अमोनिया झाला ते हातात नसते. दुसरा मार्ग अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर, कल्हईवाले भांड्याला लावायचे तोच. पण कल्हईचा बाजारातला नवसागर घेऊ नका, त्याच्यात काय काय मिसळलेलं असते देव जाणे. लॅबला लागणारं केमिकल विकणाऱ्या दुकानातून शुद्ध अमोनियम क्लोराइडची लहान बाटली घ्या, ती वर्षानुवर्षे पुरते.

द्रावण असं बनवा: १० ग्रॅम अमोनियम क्लोराइड एक लिटर पाण्यात. याचं ३० मिली, ५० लिटर पाण्यात टाकलं की अमोनिया जवळपास २ पीपीएम, म्हणजे लिटरला २ मिलीग्रॅम, होते. पाणी ४५ लिटर असेल तर २७ मिली. बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा, मुलांच्या हाती लागेल अशा जागी ठेवू नका, आणि ब्लीचिंग किंवा टॉयलेट क्लीनरच्या जवळपास पण नको, क्लोरीनसोबत मिसळलं की विषारी वायू होते.

टेस्ट किट लिक्विडवाली घ्या. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच, या चार. किट महाग वाटते म्हणून लोक टाळतात आणि तेवढ्याच पैशाचे मासे दोनदा आणतात. एक वही ठेवा, तारीख, तापमान, चारही आकडे.

पहिला दिवस: ३० मिली टाका, तासाभरानं अमोनिया मोजा, दोनच्या आसपास आला पाहिजे. चार-पाचच्या वर गेला तर थोडं पाणी बदला, जास्त अमोनियानं काम लवकर होत नाही, उलट अडते.

पहिला आठवडा, कधी दहा दिवस: एक दिवसाआड मोजा. काहीच होत नाही. आकडा हलत नाही आणि तुम्हाला वाटते काहीतरी चुकलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी दुधाळ होऊ शकते, तो वेगळ्या बॅक्टेरियाचा लोंढा असते, आपोआप साफ होते. पाणी बदलू नका, स्पंज धुऊ नका, पाणी साफ करायचं औषध टाकू नका.

दुसरा-तिसरा आठवडा: अमोनिया घसरायला लागते आणि नायट्राइट दिसायला लागते. अमोनिया ०.५ च्या खाली आला की परत टाका, पण आता अर्धा डोस, १५ मिली. इथे लोक फसतात, "अमोनिया शून्य झाला, झालं!" म्हणून मासे आणतात, आणि नायट्राइट आकाशाला भिडलेलं असते. नायट्राइट रक्तातला ऑक्सिजन वाहून न्यायचं काम बिघडवते, मासा भरपूर हवेच्या पाण्यात सुद्धा गुदमरते.

त्याच्या पुढे: नायट्राइट बरेच दिवस वरच राहते, हाच सगळ्यात कंटाळवाणा काळ. रंग किटच्या चार्टच्या बाहेर गेला तर अर्धं पाणी बदला, क्लोरीन काढून. आणि पीएच बघत रहा. ही सगळी क्रिया पाण्यातला क्षारपणा खात जाते, मऊ पाण्यात पीएच साडेसहाच्या खाली आला की काम मंदावते आणि सहाच्या खाली जवळपास थांबते. तेव्हा ५० लिटरला अर्धा चमचा खायचा सोडा थोड्या पाण्यात विरघळवून टाका. बोअरवाल्यांना याची गरज क्वचितच पडते.

मग एक दिवस अचानक नायट्राइट कोसळते. दोन-तीन दिवसांतच होते ते, आणि खरं सांगतो, पहिला मासा सोडताना झाला नसेल इतका आनंद तो फिका निळा रंग बघून झाला होता मला.

हे लवकर करायचं असेल तर विरजण लावा. कोणाकडे निरोगी माशांचा, सहा महिने जुना टँक असेल तर त्याच्या फिल्टरच्या स्पंजचा तुकडा मागा आणि तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा. चार-सहा आठवड्यांचं काम कधी दीड-दोन आठवड्यात होते. तो तुकडा ओला, त्याच टँकच्या पाण्यात बुडवून, उन्हात न ठेवता तासाभरात घरी आणायचा, सुकला की मेला. नुसतं जुन्या टँकचं पाणी आणून ओतणं म्हणजे दह्याच्या रिकाम्या वाटीत दूध घालण्यासारखं आहे, थोडंफार लागलं तर लागलं. आणि आजारी टँकचा स्पंज आणला तर आजार पण विरजतो.

बाटलीतल्या बॅक्टेरियाबद्दल विचारतात सगळे. काही चालतात. पण मे महिन्यात ती बाटली कोणत्या गोडाऊनमध्ये किती दिवस तापली ते आपल्याला कळत नाही, म्हणून बाटली टाकली तरी टेस्ट चुकवायची नाही.

या पूर्ण काळात काय करायचं नाही ते ऐका. निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्ल्यू, टाकायचं नाही, ते फिल्टरच्या बॅक्टेरियालाही मारते. स्पंज नळाखाली धुवायचा नाही, फारच चोंदला तर टँकच्याच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळायचा. "वीज वाचवू" म्हणून रात्री फिल्टर बंद करायचा नाही, बॅक्टेरियाला सतत ऑक्सिजन लागते. लाइट गेली तर बॅटरीवाला एअर पंप लावा, इन्व्हर्टर असेल तर एअर पंपाचा प्लग त्याच्यावर घ्या, तो फारच कमी वीज खाते. झाडं नसतील तर टँकचा लाइट बंदच ठेवा, असतील तर सहा ते आठ तास. आणि त्या खोलीत डास मारायचा स्प्रे मारायचा नाही, त्याच्यातलं औषध माशांना आणि झिंग्यांना फार विषारी असते, आताच सवय मोडलेली बरी.

टप्पा ७: शेवटची परीक्षा

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की पूर्ण डोस टाका, ३० मिली. बरोबर २४ तासांनी मोजा. दोन्ही शून्य आणि नायट्रेट वाढलेलं, तर फिल्टर पिकला. दोन्हीपैकी एक जरी शून्यावर नसेल तर आणखी चार दिवस चालू द्या आणि परत परीक्षा. मी दोनदा घेतो, एकदा पास होणं योगायोग असू शकते.

नायट्रेटची टेस्ट करताना दुसरी बाटली जोरात हलवा, अर्धा मिनिट तरी, काही किटमध्ये ती खाली बसते आणि आकडा खोटा कमी येते.

पास झाला की ७०-८० टक्के पाणी बदला म्हणजे जमा झालेलं नायट्रेट खाली येईल. नवीन पाणी क्लोरीनमुक्त आणि तापमान टँकइतकंच. रेती-स्पंजला हात लावायचा नाही.

तपासा: तापमान २४ ते २८ च्या मध्ये आहे? एप्रिल-मे मध्ये घरात ठेवलेला टँक सहज ३३-३४ ला जाते. २५ अंशाला पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलीग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावते, ३५ ला सातच्या खाली. वरून पाणी गरम आणि पीएच जास्त असेल तर त्याच अमोनियाचा विषारी भाग पण वाढते, पीएच सातवरून आठवर गेला की जवळपास दहा पट. म्हणून झाकण काढून जाळी लावा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा मारा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात वाफेनं दोन-चार अंश आरामात उतरतात, कूलरच्या दमट खोलीत मात्र तितकं नाही. पाणी उडते ते भरताना आरओचं घाला, क्षार तर मागेच राहिलेले असतात, बोअरचं घालत गेलात तर जडपणा वाढत जाते. बर्फाच्या बाटल्या टाकू नका. एवढं करूनही ३२ च्या खाली येत नसेल तर फिल्टर चालू ठेवा, दोन-तीन दिवसाआड १५ मिली देत रहा आणि मासे पहिल्या पावसानंतर आणा. बॅक्टेरियाला ते पाणी चालते.

टप्पा ८: मासे आणायचा दिवस

परीक्षा पास झाल्यावर एक-दोन दिवसात मासे आणा, उशीर होणार असेल तर अमोनिया देत रहा, उपाशी फिल्टर मागे सरकते. आणायच्या आदल्या दिवशी देऊ नका आणि सकाळी एकदा मोजून घ्या.

पहिल्या खेपेला पाच-सहा लहान मासे, बस. गप्पी, प्लॅटी किंवा झेब्रा डॅनिओ. गोल्डफिश दोन फुटात नाही, तो मोठा होते आणि घाण भरपूर करते. दुकानात त्याच टँकमध्ये एखादा मेलेला, पांढरे ठिपके असलेला किंवा पंख मिटून कोपऱ्यात बसलेला मासा दिसला तर त्या टँकमधला एकही घेऊ नका, कितीही स्वस्त देऊ दे.

संध्याकाळी आणा, गाडीच्या डिक्कीत नाही, कापडी पिशवीत गुंडाळून. टँकचा लाइट बंद करा. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, मग उघडून दर पाच मिनिटाला अर्धा कप टँकचं पाणी आत घाला, चार-पाच वेळा. मग जाळीनं मासे काढून सोडा आणि पिशवीतलं पाणी सिंकमध्ये ओता, टँकमध्ये एक थेंब नाही. त्या रात्री खाद्य द्यायचं नाही, मुलं कितीही मागे लागली तरी.

पुढचे सात दिवस रोज अमोनिया आणि नायट्राइट मोजा. ०.२५ जरी दिसलं तरी चौथा हिस्सा पाणी बदला आणि खाद्य अर्ध्यावर आणा. दोन आठवडे दोन्ही शून्य राहिले की पुढचे चार-पाच मासे.